लोकेटरची खूण एकीकडे आणि केबल दुसरीकडे: कारणे कशी शोधावीत

लोकेटर या यंत्राने जमिनीखालचे पाइप आणि केबल शोधण्याच्या कामात माझ्यापर्यंत सर्वाधिक वेळा आलेली तक्रार एकच आहे: यंत्राने इथे दाखवले, आम्ही इथे खणले आणि इथे काहीच नाही. मग यंत्र तपासणीसाठी पाठवले जाते, ते बहुतेक वेळा निर्दोष ठरून परत येते आणि पुढचा चर खणताना तीच तक्रार पुन्हा उभी राहते. हा दोष मी इतक्या वेळा सोडवला आहे की आता यंत्राला हात लावण्याआधी मी फक्त एक प्रश्न विचारतो: अर्थिंगची सळई कुठे रोवली होती? हा प्रश्न पहिला का, ते पुढे येईलच.

लक्षणे

सर्वांत फसवे लक्षण म्हणजे सिग्नल खणखणीत असतो, खूण अगदी खात्रीची वाटते आणि खणल्यावर केबल हातभर बाजूला निघते, किंवा जी निघते ती आपण शोधत होतो ती नसतेच. दुसरे लक्षण असे की ट्रान्समीटरजवळ, म्हणजे सिग्नल सोडणाऱ्या यंत्राजवळ, सिग्नल उत्तम मिळतो, पण वीस-पंचवीस मीटर चालून जाताच तो विरून जातो. तिसऱ्या प्रकारात संपूर्ण आवारात जिथे जावे तिथे सिग्नल मिळतो आणि प्रत्येक रेघ खरीच वाटते. चौथ्यात जागा ठीक येते, पण खोलीचा आकडा दर वेळी बदलतो. पाचव्यात चेंबर डोळ्यांसमोर असते, पाइप आत जाताना दिसतो आणि तरीही रिसीव्हर, म्हणजे सिग्नल टिपणारे हातातले यंत्र, गप्प राहतो. ही पाच लक्षणे वेगवेगळी दिसली तरी त्यांची मुळे बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी आहेत.

यंत्र नेमके काय ओळखते

विद्युतप्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते हे ऑर्स्टेडने 1820 मध्ये दाखवले आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते हे फॅराडेने 1831 मध्ये. लोकेटर या दोन गोष्टींवरच चालतो. ट्रान्समीटर एखाद्या धातूच्या वाहिनीत ठरावीक फ्रिक्वेन्सीचा प्रवाह सोडतो आणि रिसीव्हरमधली वेटोळी त्या प्रवाहाभोवतीचे क्षेत्र टिपतात. म्हणजे यंत्राला पाइप दिसत नाही, केबलही दिसत नाही. त्याला फक्त प्रवाह कुठून वाहतो आहे ते कळते. प्रवाह भलत्या वाहिनीतून गेला, तर यंत्र अत्यंत प्रामाणिकपणे ती भलती वाहिनी दाखवते. म्हणून पुढची प्रत्येक तपासणी प्रवाह कुठे चालला आहे याच प्रश्नाभोवती फिरते.

फुकटच्या तपासण्या

दोन्ही यंत्रांच्या बॅटऱ्या, स्वयंचाचणी आणि फ्रिक्वेन्सी आधी पाहावी. ट्रान्समीटर 8 किलोहर्ट्झवर आणि रिसीव्हर 33 किलोहर्ट्झवर ठेवून तासभर फिरणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांत एकदा मीही होतो. त्यानंतर जिची जागा आणि खोली आपल्याला पक्की माहीत आहे अशा एखाद्या वाहिनीवर यंत्र चालवून पाहावे. तिथे आकडे बरोबर आले, तर यंत्रावरचा संशय तिथेच संपवावा आणि शोध जमिनीकडे वळवावा.

रिसीव्हर धरण्याची पद्धत ही दुसरी फुकटची तपासणी आहे. तो उभा, जमिनीलगत आणि न झुलवता न्यावा. लंबकासारखा झुलवला की आतल्या वेटोळ्यांचा कोन बदलत राहतो आणि सर्वोच्च वाचनाची जागा पसरट होते. पीक पद्धतीत, म्हणजे वाहिनीच्या बरोबर वर वाचन सर्वाधिक येते त्या पद्धतीत, सर्वाधिक वाचन मिळाल्यावर त्याच जागी रिसीव्हर स्वतःभोवती हळूहळू फिरवावा. वाचन ज्या कोनात सर्वांत जास्त येते, त्यावरून वाहिनीची दिशा कळते. दोन खुणांमध्ये ही दिशा अचानक बदलत असेल, तर तिथे वळण आहे, फाटा आहे किंवा सिग्नल दुसऱ्या वाहिनीवर उडी मारून गेला आहे असे समजावे.

सिग्नल कमी वाटला की प्रत्येकाचा हात आधी पॉवर वाढवण्याकडे जातो. तो मोह आवरावा. पॉवर वाढवल्याने हव्या त्या वाहिनीत जसा प्रवाह वाढतो, तसाच तो नको त्या वाहिन्यांतही वाढतो, आणि गोंधळ होता त्याच प्रमाणात मोठा होतो.

अर्थिंग आणि जोडणी

माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक प्रकरणे इथेच मिटतात, म्हणून इथे सावकाश थांबावे.

थेट जोडणीत ट्रान्समीटरची एक तार वाहिनीला आणि दुसरी जमिनीत रोवलेल्या सळईला जोडलेली असते. प्रवाह वाहिनीतून पुढे जातो, वाटेत आणि शेवटी जमिनीत उतरतो आणि मातीतून सळईमार्फत परत येतो. हे वर्तुळ पूर्ण झाले नाही, तर वाहिनीत प्रवाहच राहत नाही. म्हणून वाहिनीच्या बाजूला रंग किंवा गंज असेल, तर तो खरवडून चकचकीत धातूवर चिमटा लावावा. दुसऱ्या बाजूला सळई ओलसर मातीत खोल रोवावी आणि माती कोरडी असेल, तर तिच्याभोवती पाणी ओतावे. बहुतेक ट्रान्समीटर वाहणारा प्रवाह मिलिॲम्पिअरमध्ये दाखवतात. पाणी ओतण्यापूर्वी आणि नंतर तो आकडा पाहिला, म्हणजे बादलीभर पाण्याचे मोल कळते.

सळईची जागा तिच्या खोलीइतकीच महत्त्वाची आहे. ती वाहिनीच्या अपेक्षित मार्गाला काटकोनात, तारेची लांबी पुरेल तितकी दूर असावी. वाहिनीच्या जवळच किंवा तिच्या रेषेत सळई रोवली, तर परतीचा प्रवाह त्याच पट्ट्यातून येतो आणि दोन्ही क्षेत्रे एकमेकांत मिसळतात. सळईची तार एखाद्या दुसऱ्या भूमिगत वाहिनीला ओलांडून जात असेल, तर परतीच्या प्रवाहाला मातीपेक्षा सोपी वाट मिळते आणि तीच वाहिनी रिसीव्हरवर झळकू लागते. सळई रोवण्याचा कंटाळा करून जवळच्या नळाला, लोखंडी फाटकाला किंवा कुंपणाला चिमटा लावणे ही त्याहून मोठी चूक आहे. एकदा कुंपणाच्या खांबाला चिमटा लावून आम्ही अर्धा दिवस मोठ्या निष्ठेने कुंपणाचाच मार्ग आखत होतो.

आणखी एक चूक अशी की तार केबलच्या एका गाभ्याला, म्हणजे आतल्या वाहक तारेला, जोडली जाते आणि परतीचा चिमटा त्याच केबलच्या दुसऱ्या गाभ्याला किंवा आर्मरला, म्हणजे धातूच्या संरक्षक कवचाला, लावला जातो. प्रवाह जितका जातो तितकाच शेजारून परत येतो, दोन्ही क्षेत्रे एकमेकांना जवळपास पुसून टाकतात आणि ट्रान्समीटरवर भरपूर प्रवाह दिसत असूनही रिसीव्हर मुका राहतो.

इथे एक स्पष्ट मर्यादा आहे. वीज चालू असलेल्या केबलच्या वाहकाला ट्रान्समीटरची तार कधीही जोडू नये. चालू केबलवर आवरणाबाहेरून क्लॅम्प लावणे हेदेखील अधिकृत विद्युत तंत्रज्ञाचे काम आहे. गॅसवाहिनीवर जोडणी करायची असेल, तर ती यंत्रणा चालवणाऱ्याच्या परवानगीशिवाय करू नये, कारण चिमटा लावताना किंवा काढताना ठिणगी पडू शकते.

फ्रिक्वेन्सी

लांबवर जायचे असेल तर कमी फ्रिक्वेन्सी आणि प्रवाह तयार करणे अवघड असेल तर जास्त, एवढे सूत्र कामापुरते पुरते. 512 हर्ट्झचा सिग्नल दूरवर टिकतो आणि शेजारच्या वाहिन्यांवर फारसा उडी मारत नाही, पण त्याला दुसऱ्या टोकाला चांगले अर्थिंग लागते. 33 किंवा 65 किलोहर्ट्झचा सिग्नल रबरी जोड असलेल्या लोखंडी पाइपवरूनही पुढे सरकतो आणि टोकाला अर्थिंग नसलेल्या तारेतही आवरणातून मातीत झिरपत राहून वर्तुळ पूर्ण करतो. मात्र याच गुणामुळे तो शेजाऱ्यांकडेही सहज झिरपतो आणि लवकर संपतो. सिग्नल वीस मीटरांवर विरत असेल, तर दूरचे टोक अर्थ करून कमी फ्रिक्वेन्सी वापरावी. मी सुरुवात 8 किलोहर्ट्झपासून करतो आणि गरज पडली तरच वर चढतो. मधल्या कुठल्या तरी ठिकाणी सिग्नल अचानक तुटला, तर शेवटच्या पक्क्या खुणेभोवती दोन-तीन मीटर त्रिज्येचे वर्तुळ चालून पाहावे. वळण किंवा फाटा असल्यास त्या वर्तुळावर सिग्नल पुन्हा भेटतो.

जोडणी शक्य नसते तेव्हा ट्रान्समीटर जमिनीवर ठेवून इंडक्शनने प्रवाह निर्माण केला जातो. ही पद्धत सोयीची आहे, पण ती खालच्या प्रत्येक वाहिनीला थोडाथोडा प्रवाह वाटते. शिवाय रिसीव्हर जवळ असेल, तर तो जमिनीखालचा नव्हे, हवेतून थेट येणारा सिग्नल टिपतो. दोन यंत्रांत किमान दहा मीटर अंतर ठेवावे, आणि खोली मोजायची असेल तर त्याहून बरेच अधिक. रिसीव्हर वर, आकाशाकडे किंवा ट्रान्समीटरच्या दिशेने वळवल्यावर वाचन वाढले, तर तो सिग्नल हवेतला आहे.

पीक आणि नल यांची साक्ष

खणण्याआधी एकच तपासणी करायला वेळ असेल, तर ती ही करावी. पीक पद्धतीत आडव्या अक्षाचे वेटोळे वाहिनीच्या बरोबर वर सर्वाधिक वाचन देते, तर नल पद्धतीत उभ्या अक्षाचे वेटोळे त्याच जागी सर्वांत कमी वाचन देते. जमिनीखाली एकच प्रवाह असेल, तर दोन्ही खुणा एकमेकींवर पडतात. त्यांच्यात पंधरा सेंटिमीटरपेक्षा अधिक अंतर पडले, तर क्षेत्र विकृत झाले आहे आणि शेजारी कुठे तरी दुसरा प्रवाह वाहतो आहे.

अशा वेळी खरी जागा दोन खुणांच्या मध्ये असेल असे मनाला वाटते, पण ते चूक आहे. शेजारचा प्रवाह दोन्ही खुणांना एकाच बाजूला ओढतो. नलला जास्त, पीकला कमी. त्यामुळे वाहिनी पीकच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे नलपासून आणखी दूर असते. नल पीकच्या उजवीकडे 30 सेंटिमीटरवर असेल, तर वाहिनी पीकच्या डावीकडे साधारण 15 सेंटिमीटरवर शोधावी. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे, आणि त्याच्या भरवशावर खोदयंत्राने खणू नये. नल पद्धत हाताळायला सोपी आणि टोकदार असल्यामुळे अनेक जण फक्त तिच्यावरच काम करतात. अनेक वाहिन्यांनी भरलेल्या पट्ट्यात सर्वाधिक फसवणारीही तीच.

सगळीकडे सिग्नल मिळतो तेव्हा

इमारतींजवळ निरनिराळ्या वाहिन्यांची अर्थिंगे एकमेकांना जोडलेली असतात. केबलच्या आवरणात सोडलेला प्रवाह त्या जोडातून पाण्याच्या पाइपात, तिथून दूरध्वनीच्या केबलमध्ये असा पसरतो. शक्य असेल तर आणि अधिकार असलेल्या माणसाकडूनच, जवळच्या टोकाचा असा जोड तात्पुरता सोडवावा. नाहीतर जोडणीची जागा बदलावी, म्हणजे दूरच्या टोकाकडून सिग्नल सोडावा.

हेही शक्य नसेल, तर सिग्नलची तीव्रता पाहणे सोडून प्रवाहाचा आकडा पाहावा. समजा हव्या असलेल्या केबलमध्ये 100 मिलिॲम्पिअर आहेत आणि ती 2 मीटर खोल आहे. शेजारच्या पाइपात झिरपलेले 40 मिलिॲम्पिअरच आहेत, पण तो अर्धा मीटरच खोल आहे. लांब सरळ वाहिनीचे क्षेत्र अंतराच्या प्रमाणात घटते, म्हणून जमिनीवर केबलचा वाटा 50 भरेल आणि पाइपचा 80. आवाज आणि पट्टी दोन्ही पाइपच्या बाजूने कौल देतील, आणि कौल चुकीचा असेल. प्रवाह मोजणारा रिसीव्हर खोलीचा हिशेब करून आकडा देतो, त्यामुळे तिथे केबल पुढे येते. प्रवाहाची दिशा दाखवणारा रिसीव्हर असेल तर अधिक चांगले, कारण शेजाऱ्यांतून परतणारा प्रवाह उलट दिशेचा असतो.

जमिनीवरच्या काँक्रीटमधील सळयांची जाळीही सगळीकडे सिग्नल असल्याचा भास निर्माण करते. रिसीव्हर अर्धा मीटर वर उचलून, संवेदनशीलता त्यानुसार जुळवून पुन्हा चालावे. जाळीचा गोंधळ उंचीबरोबर लवकर कमी होतो आणि मोठ्या प्रवाहाची रेघ मागे उरते. जवळच्या धातूचा हा जाच तसा जुनाच आहे. 1881 मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी जखमी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी विद्युत उपकरणाने शोधण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना गाद्यांखालच्या पोलादी तारांनी चकवले होते.

खोलीचा आकडा

रिसीव्हरमध्ये एकावर एक अशी दोन वेटोळी असतात आणि त्यांच्या वाचनांच्या गुणोत्तरातून खोली काढली जाते. वेटोळ्यांत 40 सेंटिमीटर अंतर असेल आणि खालचे वाचन वरच्याच्या दीडपट असेल, तर वाहिनी खालच्या वेटोळ्यापासून 80 सेंटिमीटरवर येते. हा हिशेब एकट्या, सरळ वाहिनीसाठी आहे. म्हणून वळण, फाटा किंवा उतार यांच्या जवळपास दोन मीटरांत खोली मोजू नये. शेजारी त्याच दिशेचा प्रवाह असेल, तर खोली बहुधा आहे त्यापेक्षा जास्त दिसते, आणि हीच चूक सर्वांत धोकादायक आहे. हा आकडा वाहिनीच्या मध्यापर्यंतचा असतो, हेही विसरू नये. मोठ्या व्यासाच्या पाइपचा माथा त्याहून बराच वर असतो.

पडताळा सोपा आहे. रिसीव्हर जमिनीपासून मोजून 50 सेंटिमीटर उचलावा; खोलीही तितकीच वाढायला हवी. ती तशी वाढली नाही, तर तो आकडा लिहूनही ठेवू नये. दुसरा पडताळा नल पद्धतीत होतो: खुणेच्या जागेपासून रिसीव्हर 45 अंशांत कलता धरून बाजूला सरकावे, जिथे पुन्हा नल मिळेल तिथपर्यंतचे अंतर हीच खोली. दोन्ही बाजूंची अंतरे सारखी आली नाहीत, तर क्षेत्र विकृत आहे.

काहीच मिळत नाही तेव्हा

प्लॅस्टिक, सिमेंट आणि भाजलेल्या मातीचे पाइप या यंत्राला कळत नाहीत, कारण त्यांतून प्रवाह जात नाही. पाइपसोबत ट्रेसर तार, म्हणजे पाइप शोधता यावा म्हणून धातूची तार, टाकलेली असेल, तर तिची दोन्ही टोके शोधावीत आणि दूरचे टोक अर्थ केलेले आहे का ते पाहावे. तार तुटलेली असेल, तर दोन्ही टोकांकडून आळीपाळीने सिग्नल सोडून तो जिथे संपतो त्या दोन खुणा घ्याव्यात. तुटीची जागा त्यांच्या आसपास असते. तार नसेलच आणि पाइप आतून रिकामा असेल, तर लवचीक सळईवरून सॉन्ड, म्हणजे छोटा ट्रान्समीटर, आत सरकवता येतो. तेव्हा रिसीव्हरही सॉन्डच्या पद्धतीवर ठेवावा. सॉन्डचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे वाहिनीच्या पद्धतीवर राहिलेला, वर सांगितलेल्या अंतराची वेटोळी असलेला रिसीव्हर 120 सेंटिमीटरवरचा सॉन्ड जेमतेम 30 सेंटिमीटरवर दाखवतो. सॉन्डच्या पुढे आणि मागे एकेक खोटे शिखरही मिळते; मधले, सर्वांत उंच शिखर खरे.

वीज वाहिन्यांबाबत एक इशारा द्यायला हवा. ट्रान्समीटरविना, पॉवर पद्धतीवर रिसीव्हर 50 किंवा 60 हर्ट्झचा प्रवाह ऐकतो. केबलमध्ये विद्युतदाब असेल पण भार नसेल, तर प्रवाहही नसतो आणि रिसीव्हर शांत राहतो. तीनही फेजवर समतोल भार असलेली केबलही अगदी क्षीण ऐकू येते. या शांततेचा अर्थ केबल बंद आहे किंवा तिथे केबलच नाही असा कधीही घेऊ नये.

कुठे थांबावे

पीक आणि नल जुळत नाहीत, जोडणी आणि फ्रिक्वेन्सी बदलूनही जुळत नाहीत, आणि खणायची जागा बदलता येत नाही, इथे थांबावे. नकाशात दिसणारी वाहिनी जमिनीत सापडत नसेल, तेव्हाही थांबावे. अशा वेळी भूवेधी रडार चालवणारा सर्वेक्षक बोलवावा, जरी चिकणमातीत रडारचीही नजर फार खोल जात नाही; किंवा जोरदार हवेने अथवा पाण्याने माती सैल करून ती शोषून घेणारे, वाहिनीला कमीत कमी धक्का देणारे उत्खनन करवून घ्यावे. उच्चदाबाची केबल, गॅसवाहिनी किंवा तेलवाहिनी जवळपास असेल, तर तिच्या मालक यंत्रणेचा माणूस जागेवर आल्याशिवाय एक फावडेही मारू नये. बंद चेंबरमध्ये जोडणीसाठी उतरणे हे आतली हवा तपासण्याचे साधन आणि प्रशिक्षण असलेल्यांनाच सोपवावे.

बोलावलेल्या तज्ज्ञाला कोणत्या जोडणीवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीला, किती मिलिॲम्पिअरवर कोणती खूण मिळाली आणि सळई कुठे रोवली होती, ही नोंद आधीच द्यावी. जमिनीवरच्या खुणा पुसू नयेत, चुकलेल्याही नाहीत. प्रवाह कुठे झिरपला हे त्याला त्यांवरूनच सर्वांत लवकर कळते.